मागाच्या शेडची दोन घरं : वडगाव, बेळगाव (प्रकल्प नोंदी)

६ ऑक्टोबर २०२४

घरामागची मागाची शेड. लांबी ४० फूट, रुंदी १८. शेवटचे दोन पॉवरलूम उन्हाळ्यात विकले, तेव्हापासून आत सायकली, जुनी दारं आणि मांजरं. तिथं भाड्यानं देण्यासारखी दोन घरं होतील का, हे बघायचं आहे. ह्यांचं मत वेगळं. शेडला हात लावण्यापेक्षा एखादा फ्लॅट घ्यावा, भाड्यानं द्यावा, हप्ता भाड्यातूनच फिटतो, असं फौंड्रीतल्या सगळ्यांनी त्यांना सांगितलंय.

दुकानातून आल्यावर हिशेब मांडला. अनगोळच्या बाजूला दोन बेडरूमचा फ्लॅट ४८ लाखांना सांगितलाय. त्याच इमारतीत तसल्याच फ्लॅटला १३ हजार भाडं आहे. वर्षाचे १,५६,०००. त्यातून मेंटेनन्स १८ हजार, घरपट्टी ६ हजार, वर्षात एक महिना घर रिकामं धरलं तर आणखी १३ हजार. उरले १,१९,०००. ४८ लाखांवर हे अडीच टक्केही होत नाहीत. आणि १० लाख आपले घालून ३८ लाखांचं कर्ज २० वर्षांसाठी पावणेनऊ टक्क्यांनी काढलं, तर हप्ता साडेतेहतीस हजार. भाडं १३ हजार. म्हणजे दर महिन्याला वीस हजार खिशातून. खरेदीच्या दिवशीचा खर्च अजून यात नाही: मुद्रांक ५ टक्के, त्यावरचे सेस-अधिभार धरून शहरात ५.६, नोंदणी २०२४ च्या दरानं १ टक्का. तीन लाखांच्या वर तिथंच गेले.

"भाव वाढतो की," हे म्हणाले. वाढतोही. पण तो घर विकलं तरच हातात येतो, आणि विकेपर्यंत वीस हजार दरमहा कोण भरणार ते आधी ठरवावं लागतं. यावर ते गप्प बसले. शेडचा हिशेब आता इंजिनिअरला विचारून.

१० ऑक्टोबर

कागद काढले. सिटी सर्व्हे उताऱ्यावर अजून सासऱ्यांचंच नाव. आधीची खरेदी १९४० च्या सुमाराची, मराठीत. खाली दोन ओळी मोडीत आहेत. तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यात होतं, त्यामुळं इथल्या जुन्या घरांचे कागद बरेचदा असेच सापडतात. त्यानंतरचं सगळं कन्नडमध्ये. वकिलांनी दोन्ही वाचून घेतले.

सासऱ्यांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. वारस तीन: सासूबाई, हे आणि कोल्हापूरच्या वन्सं. गल्लीतला सल्ला ठरलेला: "बहिणीची सही घेऊन टाका, हक्कसोड करा, मोकळे व्हा." मला तो पटत नाही. मृत्युपत्राशिवाय गेलेल्या बापाच्या मिळकतीत मुलगी बरोबरीची वारस आहे, हे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच आहे. वडिलोपार्जित मिळकतीतही २००५ पासून तिचा जन्मानं हक्क. सही मागायचीच असेल तर त्याचा मोबदला काय, तेही बोलावं.

वन्संना फोन केला. त्या म्हणाल्या, "मला भाडं नको, पण उताऱ्यावरचं नाव राहू दे." मनातलं सरळ बोलल्या, बरं वाटलं. पण यात एक गोम आहे. आयकर भाडं कुणाच्या हातात गेलं ते बघत नाही, मालक कोण ते बघतो. हिस्से ठरलेले असले की ज्याच्या त्याच्या हिश्श्याचं भाडं ज्याच्या त्याच्या उत्पन्नात धरलं जातं. म्हणजे न घेतलेल्या भाड्यावर वन्संच्या विवरणपत्रात उत्पन्न दिसणार. त्यापेक्षा त्यांनी आपला तिसरा हिस्सा घ्यावा आणि बांधकामाच्या खर्चातला तिसरा हिस्सा त्यातून सावकाश वळता व्हावा, हे साधं. तसं लिहून तिघांच्या सह्या घ्यायच्या. वारसा नोंदीचा अर्ज दिला.

१९ ऑक्टोबर

इंजिनिअर येऊन गेले. भिंती नऊ इंची, विटेच्या, पण जोडकाम मातीचं. त्यावर स्लॅब टाकायचा नाही, हे त्यांनी भिंतीत खिळा घालून दाखवलं. स्लॅब हवाच असेल तर आठ कॉलम, वेगळा पाया. दोन अंदाज दिले:

स्लॅबचं काम: ९,९०,०००. घरं सुटसुटीत, भाडं प्रत्येकी ६,५०० मिळावं.
लोखंडी कैच्यांवर नवं कौलारू छप्पर, आतून सीलिंग: ६,७०,०००. भाडं प्रत्येकी ५,५००.

सासूबाई, हे, शेजारचे अण्णा, सगळे स्लॅबच्या बाजूनं. "आरसीसी म्हणजे आरसीसी." अण्णांनी स्वतःच्या घरावर स्लॅब टाकला तेव्हापासून त्यांना कौलं दिसतच नाहीत.

पूर्ण कामाचा एकदम हिशेब केला तर दोन्ही पर्याय फायद्याचे दिसतात, आणि इथंच नजर चुकते. मी फक्त फरक घेतला. स्लॅबसाठी जादा ३,२०,०००. त्यानं जादा भाडं महिन्याला २,०००; एक महिना रिकामा सोडून वर्षाचे २२,०००. म्हणजे त्या जादा पैशावर सात टक्क्यांच्या आत. आणि तो पैसा सहकारी सोसायटीच्या कर्जातून १२ टक्क्यांनी येणार. कौलं दरवर्षी परतावी लागतात, त्याचे पाच-सात हजार स्लॅबच्या बाजूनं धरले तरी नऊ टक्क्यांच्या आसपासच राहतं. वर मजला चढवायचा विचार पक्का असता तर गोष्ट वेगळी. तो कुणाच्याच डोक्यात नाही.

पत्र्याचं छप्परही विचारलं. सगळ्यात स्वस्त. पण बेळगावचा पाऊस पत्र्यावर चार महिने वाजतो आणि एप्रिलमध्ये आत बसवत नाही. अशा घरातला भाडेकरू वर्ष पुरं व्हायच्या आत दुसरं घर शोधायला लागतो.

कौलं ठरली. यापुढं प्रत्येक खर्चाला हाच प्रश्न: तू भाडं किती वाढवतोस, किंवा रिकामा महिना किती टाळतोस?

२० ऑक्टोबर

कोल्हापूरच्या पाहुण्यांचा फोन. त्यांनी हिशेब वन्संकडून ऐकला. "सहा लाख सत्तर हजारावर लाखभर सुटतात म्हणजे पंधरा टक्के, हे खरं नाही वहिनी. जागेची किंमत कुठं धरलीत?"

त्यांचं बरोबर आहे. ७२० चौरस फूट, आमच्या गल्लीत अडीच हजारानं धरली तरी १८ लाख. ती मिळवली तर परतावा चार टक्क्यांवर येतो. पण ही जागा घराच्या पाठीमागं, आमच्याच बोळातून वाट; एकटी कुणाला विकता येत नाही. विकायचीच नसलेल्या जागेसाठी पंधराचा आकडा उपयोगाचा, नवी जागा घेऊन बांधणाऱ्यासाठी चारचा. कुणी मला "शेड बांधून किती सुटतं" विचारलं तर दोन्ही सांगीन. नुसता पंधरा ऐकून कुणी प्लॉट घ्यायला निघेल.

१ नोव्हेंबर

काळा दिन (सीमाभागातल्या मराठी लोकांचा निषेधाचा दिवस), त्यात लक्ष्मीपूजन. गवंडी येणार नव्हता, आला नाही.

११ नोव्हेंबर

बांधकाम परवानगी हातात. काम सुरू. जमीन उकरल्यावर पॉवरलूमच्या खाली आजेसासऱ्यांच्या काळातले खड्डामागाचे खड्डे निघाले, कचरा-माती टाकून बुजवलेले. तसंच वर फरशी घातली असती तर दोन वर्षांत बसली असती. सगळे उपसून, मुरूम भरून, पाणी मारून धुम्मस, मग सोलिंग, मग काँक्रीट. २२ हजार जादा. याला भाड्याचा प्रश्न विचारला नाही. बसलेल्या फरशीच्या घराला भाडंच येत नाही.

२५ नोव्हेंबर

मिस्त्रींच्या ओळखीतून एक प्रस्ताव आला. एक कुटुंब 'लीज'वर घर मागतंय: दोन वर्षांसाठी तीन लाख एकरकमी देणार, भाडं शून्य, जाताना तीन लाख परत. कर्नाटकात हा प्रकार जुना आहे, बेंगळुरात तर फारच. ह्यांना आवडला. सोसायटीचं कर्जच नको, बांधकामाचा पैसा आयता.

हिशेब: सोसायटीकडून तीन लाख घेतले तर वर्षाचं व्याज जास्तीत जास्त ३६ हजार, आणि ते हप्त्यागणिक उतरतं. लीजवर तीन लाख घेतले तर वर्षाचं ६६ हजार भाडं बुडतं, आणि मुद्दल जसंच्या तसं डोक्यावर. म्हणजे हे २२ टक्क्यांचं कर्ज झालं. शिवाय दोन वर्षांनी तीन लाख एकरकमी उभे करायचे. ते नसले की पुढचा लीजवाला शोधून त्याच्या पैशातून आधीच्याला द्यायचे, मग त्यातून सुटका नाही. घेणाऱ्यालाही धोका कमी नाही. दोन वर्षांचा करार नोंदवावाच लागतो, आणि साध्या बॉण्ड पेपरवर तीन लाख देणारा, मालक बुडाला तर, हात चोळत बसतो.

नाही म्हणून कळवलं. सोसायटीतून ३ लाख, ५ वर्षं, १२ टक्के; हप्ता ६,६७३. बाकी ठेव मोडून आणि माग विकल्याच्या पैशातून.

९ डिसेंबर

आजपासून इथल्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन. लॉज भरलेत, बंदोबस्ताला आलेल्या पोलिसांची कार्यालयांतून, हॉलमधून सोय. भावजींची कल्पना: घरं महिन्यानं देण्यापेक्षा अधिवेशनात, परीक्षांच्या वेळी, लग्नसराईत रोजानं द्यायची. या महिन्यात १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाची शताब्दीही आहे, तेव्हा तर मागतील ते देतील म्हणे.

अधिवेशन दहा-बारा दिवसांचं. उरलेल्या वर्षाचं काय? रोजानं द्यायचं तर पलंग, गाद्या, चादरी, रोजची सफाई, आणि रात्री अकराला किल्ली द्यायला उठायचं कुणी, तर मी. वडगावच्या बोळात पाहुण्याची गाडीसुद्धा उभी राहत नाही. विषय संपला.

(२८ डिसेंबर: शताब्दीची मोठी सभा २७ ला होणार होती. मनमोहन सिंगांच्या निधनामुळं ती पुढं गेली. खोल्या धरून बसलेल्या मंडळींचं काय झालं असेल?)

४ जानेवारी २०२५

वायरिंग. इथं मी हात आखडला नाही. दोन घरांना दोन मीटर, दोन स्वतंत्र आर.आर. नंबर (वीजजोडणीचे क्रमांक). कारण गृहज्योती, कर्नाटक सरकारची मोफत विजेची योजना. जुलै २०२३ पासून ठरवून दिलेल्या मर्यादेपर्यंतच्या (जास्तीत जास्त २०० युनिट) घरगुती वापराला बिल येत नाही, पण ते मीटरमागं आहे, आणि भाडेकरूलाही भाडेकराराच्या आधारे आपल्या नावानं नोंदणी करता येते. एका मीटरवर दोन घरं जोडली की वापर एकत्र मोजला जातो, दोनशे ओलांडले की पूर्ण बिल, आणि त्यावरून दर महिन्याला भांडण. गल्लीत सबमीटर लावून भाडेकरूकडून युनिटमागं आठ-नऊ रुपये घेणारे आहेत. त्यांच्याकडं घरं वर्षातून दोनदा रिकामी होतात.

आधीचं मागाचं कनेक्शन वेगळ्या दराचं. ते रीतसर बंद करून, बाकी भरून, मग घरगुती मीटरचा अर्ज.

अर्थिंग नवं, दोन्ही घरांत गळती झाली की वीज तोडणारा ब्रेकर. आणि मिस्त्रींशी एक वाद: त्यांनी बाथरूममध्येच गॅस गिझरसाठी पाइप सोडला होता. काढायला लावला. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर जळला की ऑक्सिजन संपतो, कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो. आत माणूस बेशुद्ध पडतो आणि बाहेर कुणाला कळत नाही. गिझर बाहेरच्या भिंतीला, मोकळ्या हवेत. तिथं हिशेब मांडला नाही, मांडायचाही नाही.

१८ जानेवारी

पाणी. राकसकोप जलाशयाचं पाणी येतं, पण रोज नाही. मिस्त्री म्हणाले दोन्ही घरांना मिळून एक हजार लिटरची टाकी. मी प्रत्येकी पाचशेच्या दोन घेतल्या, वेगळ्या पायपानं, वेगळ्या कॉकनं. जादा खर्च चार हजारांच्या आसपास. एका टाकीवर दोन संसार म्हणजे एकाच्या कपड्यांच्या दिवशी दुसऱ्याचा नळ कोरडा. आडाचं पाणी आहेच, ते भांड्याकपड्यांना मोटर लावून वेगळं दिलं.

मॉड्युलर किचनचा दर ऐकला: एका घराला ४५ हजार. प्रश्न विचारला. भाडं वाढतं फार तर दोनशे. कडाप्पा ओटा, वर दोन फळ्या, खाली मोकळं. झालं.

८ फेब्रुवारी

मामेभाऊ आला. त्याला येळ्ळूर बाजूला दीड गुंठा मिळतोय, नऊ लाखांत, तिथं चार खोल्या बांधून भाड्यानं द्यायच्या. "ताई, तुझं बघून मीबी करूलालोय." कागद मागितले. शेतजमिनीचा तुकडा, बॉण्डवर खरेदी, सोबत मुखत्यारपत्र. "सगळेच तसे घेतात, घरं बांधून राहूलालेत की," तो म्हणाला.

राहतात, खरं आहे. त्याला एवढं सांगितलं: बॉण्डवर किंवा मुखत्यारपत्रावर मालकी येत नाही, सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये हे स्पष्ट केलंय. तू ३० वर्षांची ईसी, म्हणजे बोजाचा दाखला, काढशील आणि ती स्वच्छ निघेल, त्यावर जाऊ नकोस. ईसीत फक्त नोंदवलेले व्यवहार दिसतात. तोच दीड गुंठा आधी दोघांना बॉण्डवर विकलेला असला तरी ईसी कोरी. बिनशेती आदेश आहे का, लेआउट मंजूर आहे का, पंचायतीत असेल तर ई-स्वत्तूचा (पंचायतीच्या मिळकतींची ऑनलाइन नोंद) नमुना ९ आणि ११ कुणाच्या नावानं आहे, आणि विक्रेता नोंदणी कार्यालयात येऊन सही करायला तयार आहे का, हे बघ. शेवटच्या प्रश्नावर विक्रेता आडवळणं घ्यायला लागला तर तिथूनच परत ये.

शहरात बी-खातं द्यायचं घाटतंय, त्यावर त्याची भिस्त. बी-खात्यानं घर पालिकेच्या कराच्या वहीत येतं. त्यानं बेकायदा लेआउट कायदेशीर होत नाही आणि बँक कर्ज देताना नाक मुरडते.

आणि विसार म्हणून लाखभर रोख देणार होता. घराजमिनीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्यावर रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. देणाऱ्याकडं तर पुरावाच राहत नाही. तो ऐकतो का बघू. चहा न घेता गेला.

१ मार्च

काम संपलं. पूर्णत्वाचा दाखला मिळाला, मीटर बसले. दाखल्याचं मुद्दाम लिहून ठेवते: १७ डिसेंबरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला दाखवल्याशिवाय वीज, पाणी, गटार जोडू नये असं झालंय. परवानगी न काढता बांधणाऱ्याला आतापर्यंत दंडाची भीती होती. यापुढं त्याच्या घराला मीटर मिळणंच अवघड, आणि अंधारातल्या खोलीला भाडेकरू कुठून येणार?

खर्च:
छप्पर, कैच्या, कौलं, सीलिंग २,३५,०००
खड्डे, काँक्रीट, फरशी ९५,०००
दोन संडास-बाथरूम, ड्रेनेज १,२०,०००
भिंती, गिलावा, रंग १,१०,०००
दारं-खिडक्या ७०,०००
वायरिंग, मीटर ६२,०००
टाक्या, नळ, पाइप ४३,०००
एकूण ७,३५,०००. अंदाजाच्या वर ६५ हजार.

९ मार्च

घर बघायला येणारे. येळ्ळूर रोडच्या केएलई हॉस्पिटलमधल्या दोन नर्स आल्या. घर आवडलं, भाडं मान्य, डिपॉझिट तयार. मग शेजारचे माग सुरू झाले. खटाखट, सकाळी आठ ते रात्री आठ. त्यांची रात्रपाळी असते; दिवसा झोपायचं कधी? हसत हसत गेल्या. मलाही पटलं. आवाज लपवून घर दिलं असतं तर महिन्यानं रिकामं झालं असतं, म्हणून आता येणाऱ्याला माग चालू असतानाच बोलवते. वडगावात लहानाचा मोठा झालेल्याला तो आवाज ऐकूच येत नाही, बाहेरच्याचं तसं नाही.

उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत दिवसपाळी करणाऱ्याला हे घर बरोबर बसतं. सकाळी आठला बाहेर, संध्याकाळी परत.

१५ मार्च

पुढचं घर गेलं. नवरा उद्यमबागेत टर्नर, बायको घरी शिलाई करते, एक मुलगी. मूळचे बैलहोंगलचे, घरी कन्नड. ती माझ्याशी कन्नड बोलते, मी मराठी, सासूबाई दोन्ही. अडत काही नाही. भाडं ५,५००, डिपॉझिट ३० हजार, बँकेतून.

अण्णांनी बोलावून घेतलं. "कोणत्या लोकांचे? मटण करतात काय? विचारलंस?" मी दोनच गोष्टी विचारल्या होत्या: पगार कुठून येतो, आणि आधीच्या मालकाचा फोन नंबर. फोन लावला. आधीचा मालक म्हणाला, "भाडं पाच तारखेच्या आत, चार वर्षं. मुलगी दहावीला गेली म्हणून मोठं घर बघूलालेत." याहून जास्त कळून मी काय करणार?

१६ मार्च

करार ११ महिन्यांचा, ई-स्टँपवर, दोघांना वाचता येईल असा: कन्नडमध्ये, खाली मराठीत सारांश. वन्सं फोनवर म्हणाल्या, "ऑनलाइन लीव्ह अँड लायसन्स कर की, आमच्याकडं दहा मिनिटांत होतं." ते महाराष्ट्रात. तिथं प्रत्येक भाडेकरार लेखी आणि नोंदवलेला लागतो. इथं वर्षाच्या आतला करार नोंदवलाच पाहिजे असं नाही, म्हणून सगळे अकरा महिन्यांचा करतात. निपाणीच्या पलीकडं गेलं की भाड्याचा कायदा बदलतो. कोल्हापूरचा सल्ला इथं जसाच्या तसा चालत नाही आणि इथला तिथं.

अण्णांची दुसरी भीती: बारा वर्षं राहिला की घर त्याचं. हे अर्धवट ऐकलेलं. बारा वर्षांचा नियम मालकाचा हक्क नाकारून, उघडपणे कब्जा धरणाऱ्यासाठी आहे. परवानगीनं, भाडं देऊन राहणारा कितीही वर्षं राहिला तरी भाडेकरूच. फक्त तो भाडेकरू होता हे दाखवायला करार आणि भाड्याच्या नोंदी हव्यात. तोंडी व्यवहार, रोख भाडं, पावती नाही, अशा घरमालकानं खुशाल घाबरावं.

भाडेनियंत्रणाचंही तसंच. कर्नाटकाचा १९९९ चा भाडे कायदा साडेतीन हजारांच्या वरच्या घरभाड्याला लागत नाही. आपल्या दोन्ही घरांना साधा मालमत्ता हस्तांतरण कायदा. महिन्याच्या भाडेकरूला पंधरा दिवसांची नोटीस. करारात आम्ही दोघांसाठी एक महिना लिहिला. मुलांची शाळा, नवी जागा. पंधरा दिवसांत कुणी घर बदलू शकत नाही.

करारात आणखी: दर नूतनीकरणाला ५ टक्के वाढ. निघताना रंगाचे किती कापायचे तो आकडा आधीच लिहिलेला, चार हजार. मागाचा आवाज असतो हे भाडेकरूला माहीत आहे, हेही लिहिलं. वकील हसले, पण राहू दिलं. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात दिली.

२२ एप्रिल

घरपट्टी भरली. एप्रिलमध्ये भरली की ५ टक्के सूट, म्हणून थांबले नाही. दुकानात दोघी-तिघी आयकराचं विचारत होत्या, इथंच लिहून ठेवते. मिळालेल्या भाड्यातून प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी वजा. उरलेल्यावर सरसकट ३० टक्के वजा, मग दुरुस्तीला शून्य खर्च होवो की लाख, त्याच्या पावत्या कुणी मागत नाही. नंतर दुरुस्ती-बांधकामाच्या कर्जाचं व्याज वजा. कर्ज बँकेचंच हवं असं नाही, सोसायटीचं चालतं, मात्र व्याजाचा दाखला दरवर्षी मागून घ्यायचा. नव्या करप्रणालीतही भाड्यानं दिलेल्या घराचं व्याज भाड्यापुरतं वजा होतं. त्यातून तोटा निघाला तर तो पगारातून वळता करता येत नाही. फ्लॅटवाल्यांना "व्याजावर टॅक्स वाचतो" म्हणून जे सांगतात, ते कुठल्या प्रणालीत हे विचारायचं.

४ मे

मागचं घर अजून रिकामं. मागांना लागून असलेली भिंत तीच. दोन महिने ५,५०० वर अडून बसले. आज ५,२०० ला दिलं, एका खासगी शाळेतल्या शिक्षिकेला आणि तिच्या आईला. ह्यांना तीनशे सोडलेले खुपले. पण तीनशे रुपयांची वर्षाची किंमत ३,६००, आणि रिकाम्या एका महिन्याची ५,५००. आणखी महिनाभर थांबणं परवडत नव्हतं.

२६ जून

दहा दिवस संततधार. पुढच्या घरात नाही, मागच्या घरात कौलाच्या पन्हाळीजवळ सीलिंगला डाग. शिक्षिकेच्या आईनं मला जिन्याखालीच गाठलं. मिस्त्रींनी दोन कौलं बदलली, पन्हाळ वर उचलली, ८०० रुपये. दरवर्षी दुरुस्तीला १२ हजार बाजूला काढतेय, ते वेगळ्या खात्यात. भाडं आलं की हजार रुपये आधी तिकडं, मग सोसायटीचा हप्ता, मग वन्संचा वाटा, मग आम्ही.

१२ जुलै

प्रत्यक्ष आकडे: दोन्ही मिळून महिन्याला १०,७००. वर्षात एक महिना रिकामा धरून १,१७,७००. दुरुस्ती १२ हजार, घरपट्टी-पाणी-बाकी ६ हजार गेले की ९९,७००. बांधकामाच्या खर्चावर साडेतेरा टक्के. जागा धरली तर चारला थोडे कमी. पाहुण्यांना दोन्ही आकडे पाठवले.

मामेभाऊ परत आला होता. येळ्ळूरचा विक्रेता नोंदणीला यायला तयार झाला नाही. आता तो त्याच्या जुन्या घराच्या पडवीचं माप घेऊन आलाय, १२ बाय २२. उद्या इंजिनिअरकडं न्यायचं आहे. भिंतींचं जोडकाम कशाचं ते आधी बघायला सांगितलंय.